दोन फुटी पॉवर बार : इंजिन हाताने फिरवणाऱ्यांसाठी एक अभिप्राय

इंदूरच्या सियागंजात अवजारांच्या एका दुकानातून मी दोन वर्षांपूर्वी अर्धा इंच चौरसाचा, ६०० मिलिमीटर लांबीचा पॉवर बार (टोकाच्या चौरसावर गोटी बसवून नट फिरवायचा दांडा) आणि सोबत सुट्या तीन गोट्या, म्हणजे नटावर बसणाऱ्या टोप्या, घेतल्या. माझ्या जुन्या जीपमध्ये फ्रेंच प्यूजो कंपनीच्या परवान्याने भारतातच तयार झालेले एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन आहे. नावातला ४ म्हणजे सिलिंडर आणि ९० म्हणजे त्यांचा मिलिमीटरमधला व्यास, एकूण २११२ सीसी. त्याची किरकोळ कामे मी रामबागेतल्या घराच्या अंगणातच करतो आणि या बारचा नव्वद टक्के उपयोग क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या पुढच्या चाकाच्या) मधल्या नटाला गोटी लावून इंजिन हाताने फिरवण्यासाठी होतो. म्हणून हा अभिप्राय त्याच कामापुरता आहे.

यापूर्वी माझ्याकडे एका कंपनीचा चोवीस नगांचा गोटी पान्याचा संच होता. त्यातल्या रॅचेटने (एकाच दिशेने पकडणाऱ्या दातेरी मुठीने) बोल्ट उत्तम खोलले, पण इंजिन फिरवताना त्याने माझ्या हाताशी दोनदा दगा केला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दबणाऱ्या हवेचा दाब, चढत असताना दात सुटले आणि बोटांची सालटी फॅनच्या पात्यावर निघाली. दोष केवळ त्या रॅचेटचा म्हणता येणार नाही. त्याची मूठ जेमतेम २५० मिलिमीटरची. वीस किलोचा जोर ६०० मिलिमीटरच्या टोकाला जो पीळ देतो, तोच मिळवायला तिथे अठ्ठेचाळीस किलो लावावे लागतात, आणि एवढ्या जोराने ओढणाऱ्या हाताला नट काय सांगतो आहे ते कळत नाही. शिवाय पिस्टन वरच्या टोकापलीकडे गेला की दबलेली हवा इंजिनाला पुढे ढकलते. रॅचेट त्या क्षणी नुसताच कटकट करत मोकळा सुटतो, तर सरळ बार तीच उसळी हातात आणून देतो. माझ्या मते या अवजाराची खरी किंमत या एकाच गोष्टीत आहे.

मागच्या भाद्रपदात त्याचा पुरावा मिळाला. जीप पावसाळाभर उभी होती, म्हणून स्टार्टर लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, गिअर न्यूट्रलला ठेवून, डिझेल बंद करणारी स्टॉपची वायर ओढून मी पोत्यावर आडवा झालो आणि बार सावकाश ओढू लागलो. डिझेल इंजिनाचे कॉम्प्रेशन हाताला गादीसारखे लागते: दाबत गेलो की ते परत ढकलते, आणि चार-पाच सेकंद धरून ठेवले की हवा पिस्टनच्या रिंगांवरून हळूहळू निसटून बार आपसूक सरकतो. दोन सिलिंडर असे गेले. तिसऱ्या वेळी मात्र गादी लागलीच नाही, बार भिंतीला टेकावा तसा थांबला. मी जोर काढून घेतला आणि चारही हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारे प्लग) काढले. पुन्हा फिरवल्यावर दोन नंबरच्या भोकातून तांबूस पाण्याची चिळकांडी थेट बॉनेटवर उडाली. हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्यांचे झाकण यांच्यामधली पट्टी, गळत होते.

पाणी थोडेच होते, पण थोडे पुरते. या इंजिनात हवा वीस पटींहून अधिक दाबली जाते. एका सिलिंडरचे ५२८ सीसी लक्षात घेता पिस्टन वर असताना उरणारी जागा पंचवीसएक सीसीच, म्हणजे चहाचे पाच चमचे. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, म्हणून तेवढे असताना स्टार्टर मारला असता तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकला असता.

टॅपेटच्या कामातही (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट तपासताना) बार समाधानकारक वाटला. फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ असल्याने चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलू लागले की एक नंबरचे टॅपेट तपासायचे, दोनचे हलले की तीनचे, एकचे हलले की चारचे, तीनचे हलले की दोनचे. दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी पाच. भाचा वर रॉकरकडे पाहत "मामा, हलले, थांबा!" असे ओरडतो आणि मी खाली बार थांबवतो. थांबायची जागा चुकली तर मी उलटे फिरवत नाही, पूर्ण दोन फेरे घालून पुन्हा तिथे येतो. उलट्या दिशेने व्हॉल्व्ह चालवणारी चेन सैल पडते आणि पुलीचा नटही ढिला होऊ शकतो.

आता उणिवा. रेडिएटर आणि इंजिन यांच्यामधल्या जागेत दोन फुटी दांडा वरून मावत नाही, खालूनच काम करावे लागते, आणि तिथेही एका ओढीत जेमतेम अष्टमांश फेरा मिळतो. म्हणून सहाकोनीऐवजी बाराकोनी गोटी घ्यावी लागली, कारण ती दर तीस अंशांवर पुन्हा बसवता येते. जाम नट सोडवायला मात्र सहाकोनीच बरी. मुठीवरची खरखरीत नक्षी घामट तळव्याला सोलते, त्यावर मी सायकलची जुनी ट्यूब चढवली. डोक्याच्या बिजागरीची पिन वर्षभरात सैल झाली, आता आडवा धरला की बार मान टाकतो. दुकानदाराने ती विनामूल्य ठोकून दिली, पण सहा महिन्यांनी पुन्हा तीच अवस्था झाली.

बार नऊशे रुपयांना आणि गोट्या वेगळ्या पडल्या. ज्यांच्या गाडीत पुलीसमोर मोकळी जागा आहे त्यांनी हाच घ्यावा. जागा नसेल तर ४५० मिलिमीटरचा पाहावा. आणि काम झाल्यावर बार नटावरून उतरवल्याखेरीज गाडी सुरू करायच्या किल्लीला हात लावू नये; माझ्याकडे किल्ली तोवर भाच्याच्या खिशात असते.