प्रिंटर वायफायला जोडायला मदत मागितली आणि ८०,७४८ रुपये गेले

सगळ्यात आधी हे सांगते, पुढचं वाचा नाहीतर सोडा. प्रिंटर कंपनीचा कस्टमर केअर नंबर नेटवर शोधू नका. तो खोक्यावर असतो, सोबतच्या पुस्तिकेत असतो. खोकं टाकून दिलं असेल तर कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतःच्या हातानं टाइप करा. सर्चमध्ये सगळ्यात वर जे येतं ते बऱ्याचदा पैसे भरून लावलेली जाहिरात असते आणि ती कुणीही लावू शकतं.

माझे गेले ते असे: १,४९९, मग ४,९९९, मग ४९,५००, मग २४,७५०. एकूण ८०,७४८ रुपये. मी घरी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. एका मुलाची महिन्याची फी किती असते आणि त्यातून एवढी रक्कम साठायला किती काळ लागतो, हे शिकवण्या घेणाऱ्या कुणालाही विचारा.

झालं असं की इंटरनेटवाल्यानं नवीन राऊटर बसवून दिला आणि प्रिंटर बंद पडला. म्हणजे चालू होता, पण त्याच्या छोट्या पडद्यावर आमच्या वायफायचं नावच येईना. मोबाइलवर तेच वायफाय झकास चालू. पूर्वपरीक्षेच्या तोंडावर मुलांना सराव प्रश्नपत्रिका द्यायच्या होत्या, झेरॉक्सवाल्याचं दुकान रविवारमुळे बंद. मी नंबर शोधला. वर आलेल्या पानावर कंपनीचा लोगो होता, आमच्याच मॉडेलचा फोटो होता, खाली टोल फ्री नंबर होता. यात संशय घ्यायचा तो नेमका कशाचा?

पलीकडचा माणूस अतिशय अदबीनं बोलत होता. हिंदीत, प्रत्येक वाक्यात मॅडम. लॅपटॉपवर एक ॲप टाकायला लावलं, त्यावरचा नंबर विचारला आणि माझा माउस आपोआप फिरायला लागला. मग त्यानं विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडलं, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच्या कामाच्या नोंदी ठेवतो ते पान. लाल आणि पिवळ्या खुणांची लांबच लांब यादी. म्हणाला, तुमचं नेटवर्क हॅक झालंय, म्हणून प्रिंटर जोडला जात नाही. लक्षात ठेवा, त्या यादीत धडधाकट कॉम्प्युटरवरही चुका आणि इशारे दिसतातच. घरी आत्ता उघडून बघा, तुमच्याकडेही सापडतील. पण हे माहीत असायला मी काही कॉम्प्युटर इंजिनिअर नाही.

‘वायरलेस ॲक्टिव्हेशन’चे १,४९९ झाले. मग ‘तीन वर्षांची नेटवर्क सुरक्षा’ म्हणून ४,९९९. दोन्ही वेळा त्यानं उघडून दिलेल्या पानावर मीच डेबिट कार्डाचा नंबर टाकला. राऊटरवाला दुरुस्तीचे पैसे घेतो, एसीवाला घेतो, मग हा का नाही घेणार, असंच कुणालाही वाटलं असतं.

आता तो क्षण, जो अजून मला झोपू देत नाही. तो म्हणाला, ‘मॅडम, मोबाइल में भी वही ॲप डाल दीजिए.’ प्रश्न प्रिंटरचा आणि लॅपटॉपचा. मोबाइलचा संबंध काय? मी हे विचारलं, अगदी याच शब्दांत विचारलं. त्याचं उत्तर तयार होतं: वायफाय मोबाइलवर चालतंय आणि प्रिंटरवर नाही, तर दोन्हीकडचा सिग्नल ताडून बघायला नको का? आणि खरंच मोबाइलवर चालत होतं हो! मला जे दिसत होतं त्यालाच धरून तो बोलत होता. दुसरी गोष्ट, पेमेंट कुठल्या बँकेच्या कार्डानं करणार हे त्यानं पहिल्या काही मिनिटांत विचारलं होतं. प्रिंटरचं मॉडेल मात्र त्यानं कधीच विचारलं नाही. मीच सांगितलं, तेही त्यानं नीट ऐकलं नाही. हे मला तेव्हा खटकलं होतं. खटकलं होतं आणि तरी मी बोलत राहिले, कारण डोक्यात संध्याकाळची बॅच होती.

मोबाइलचा पडदा त्याला दिसायला लागला आणि खेळ संपला. कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे त्यानं लॅपटॉपवर आधीच पाहिले होते. ओटीपी माझ्या फोनवर यायचा आणि तो तिकडे बसून वाचायचा. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हे मला पाठ आहे. मी आजवर कुणालाही ओटीपी सांगितलेला नाही, त्यालाही नाही. पण फोनचा पडदा दिला की ओटीपी सांगावा लागत नाही. बँकेच्या जाहिरातींत हे वाक्य ठळक अक्षरांत का नसतं? रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच पडदा दाखवणाऱ्या ॲपवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. बँकांनी ते सावधपण आमच्यापर्यंत किती पोचवलं?

४९,५०० गेल्याचा मेसेज आला. तो म्हणाला टेस्टिंग आहे, परत येतील. मी फोन कापला, लॅपटॉप बंद केला आणि बँकेच्या हेल्पलाइनला लावला. मराठीसाठी दोन दाबा. कार्डासाठी चार दाबा. मध्येच क्रेडिट कार्डाची ऑफर. मग संगीत. ते संगीत ऐकत असतानाच २४,७५० गेले. मोबाइलवरचं ॲप चालूच होतं. म्हणून सांगते, असं झालं तर आधी मोबाइलचा डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करा, साधा कॉल तरीही करता येतो. ते ॲप काढून टाका, पण त्याआधी डेटा बंद. आणि लगेच १९३० ला फोन करा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. पैसे पुढे सरकायच्या आत अडवायचे असतील तर पहिला तासच कामाचा असतो.

बँकेत काय उत्तर मिळालं? ‘मॅडम, व्यवहार ओटीपीनं झालाय, म्हणजे तुम्हीच केलाय.’ शाखेतल्या त्या बाईंनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. फॉर्म भरा. हा नाही, तो. एफआयआरची प्रत जोडा. मी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं (झेरॉक्सच्या दुकानातून). त्यात स्पष्ट आहे की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचा भारही बँकेवरच. व्यवहाराच्या एसएमएसला ‘रिप्लाय’ करून लगेच तक्रार करता यावी, अशी सोय बँकांनी द्यायची, हेही त्यातच. आमच्या बँकेचा एसएमएस रिप्लाय घेतच नाही. करून बघितला. परिपत्रक शाखेत कुणी वाचलेलं नव्हतं. मॅनेजर म्हणाले, हे हेड ऑफिस बघतं. हेड ऑफिसकडून मेल आला की तक्रार ‘माणसानं नोंदवल्याची वेळ’ धरली जाते. म्हणजे मी हेल्पलाइनच्या रांगेत ताटकळत असताना चोरी झाली तर रांगेतला वेळ माझ्या नावावर!

पोलीस ठाण्यात त्याहून वाईट. ‘ऑनलाइन ना? मग सायबरला जा, ताई.’ सायबरला गेले तर, ‘रक्कम लहान आहे, तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात जा.’ परत आल्यावर साहेब बंदोबस्ताला. आयटी कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे अशा गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो, हे खरं. पण नोंद घ्यायला काय अडतं? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्या असं लिहिलंय आणि ती संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. मी कलम सांगितलं तर हवालदार म्हणाले, ‘वकील आहात का?’ नाही. फसवली गेलेली बाई आहे. तोतयेगिरी करून कॉम्प्युटरवरून फसवणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे आणि तो लिहून घ्यायला मी हात जोडत फिरायचं? अर्ज देणार असाल तर पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. तोंडी आश्वासनाला शून्य किंमत आहे.

२०१६ मध्ये मीरा रोडची कॉल सेंटरं ठाणे पोलिसांनी पकडली, ती अमेरिकेतल्या लोकांना लुबाडत होती. तेव्हा वाचून वाटलं होतं, हे तिकडचं प्रकरण. तिकडचं नाही. गिऱ्हाईक आता आपणच आहोत.

आणि प्रिंटर? माझा भाचा आला, राऊटरची सेटिंग उघडली. घरगुती प्रिंटर बरेचसे फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात. नवीन राऊटर २.४ आणि ५ अशा दोन पट्ट्यांवर चालतो. आमच्याकडे २.४ ची पट्टी बंद करून ठेवलेली होती, म्हणून मोबाइलला दिसायचं ते प्रिंटरला दिसत नव्हतं. त्यानं ती चालू केली, वेगळं नाव दिलं, प्रिंटरवर पासवर्ड टाकला. चहा गार व्हायच्या आत पान बाहेर आलं. तुमच्याकडे नाव दिसतंय पण जोडलं जात नसेल तर राऊटरच्या सेटिंगमध्ये वायफायच्या सुरक्षेच्या प्रकारात फक्त डब्ल्यूपीए३ आहे का बघा, जुन्या प्रिंटरना ते कळत नाही, डब्ल्यूपीए२ चालू ठेवा. राऊटरवर डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडायचं बटण असेल तर ते दाबा आणि दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचं. काहीच जमलं नाही तर यूएसबीची केबल लावा आणि काम उरका. कुणाला फोन करायची गरज नाही. राऊटर बसवायला येणाऱ्याला दारातून सोडण्याआधी घरातली प्रत्येक वस्तू जोडून दाखवायला लावा, तो प्रिंटरसुद्धा.

बँकेनं नाकारलं किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. माझी गेली आहे. सोबत माझ्या फोनचा कॉल लॉग जोडलाय, त्यात हेल्पलाइनला फोन लागल्याची वेळ आहे, आणि २४,७५० गेल्याचा मेसेज जोडलाय, त्यात त्यानंतरची वेळ आहे. ४९,५०० वर बँकेनं हवा तेवढा वाद घालावा. हे २४,७५० माझे आहेत आणि ते बँकेनं द्यायचे आहेत.