फुलकारी घ्यावी की बाग? दोन्ही घेऊन बसलेल्या माणसाचं मत

सचखंड एक्स्प्रेसमध्ये दीड दिवस बसून नांदेडहून अमृतसर गाठलं, तिथून नामदेवांच्या घुमानला जाऊन यायचं एवढाच प्लॅन होता, ओढण्यांचा विषयच नव्हता. पण अमृतसरच्या कापडबाजारात बायकोबरोबर एकदा शिरलं की प्लॅन आपला राहत नाही. येताना दोन आल्या, दोन्ही सुती, दोन्ही पंजाबी भरतकामाच्या, हाताने भरलेल्या. एक साधी फुलकारी, विटकरी कापडावर सुटी सुटी फुलं. दुसरा बाग, म्हणजे असा गच्च भरलेला की खालचं कापड शोधावं लागतं. आता मेहुणीला एक घ्यायचीय आणि ती रोज विचारतेय कुठली घेऊ, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं. मशीनच्या ओढण्या मी यात धरतच नाहीये, उलटं करून बघितलं की वर रंग कितीही असले तरी मागे सगळीकडे एकाच रंगाचा दोरा दिसतो, तिथे ते कळतंच.

दिसायला बाग भारी, यात वादच नाही. काम सगळं उलट बाजूने, कापडाचे धागे मोजत मोजत. आमच्या बागात दोरा एकच पिवळा, पण काही टाके उभे आणि काही आडवे, त्यामुळे गच्चीवर उन्हात धरला की दोन वेगळे पिवळे वाटतात. एका कोपऱ्यात मात्र छोटासा चौकोन एकदम जांभळा. मी डिफेक्ट समजून दुकानदाराला म्हटलं की पैसे कमी करा, तो हसायलाच लागला, म्हणे ती नजर-बुटी आहे, दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम घालतात. बायको आठवडाभर ही गोष्ट नातेवाइकांना सांगत होती.

आता खरी कटकट.

टाका असतो रफूचा. म्हणजे सुलट बाजूला दोरा लांबच्या लांब नुसता वर पसरलेला, कापडात जेमतेम एखादा धागा धरलेला. आणि दोरा पीळ न दिलेला, म्हणून तर चमकतो, पण म्हणूनच कशातही अडकतो. बांगडी, घड्याळाचा पट्टा, पर्सची चेन, मंगल कार्यालयातल्या खुर्चीचा तुटका कोपरा. बाग तीन वर्षांत मोजून पाच लग्नांत वापरला आणि पाचही लग्नांत कधी ना कधी हाक आलीच, ‘अहो, जरा इकडे या, परत अडकलं.’ मग मी जेवणाच्या पंगतीमागे उभा राहून, खिशातली बोथट सुई काढून, वर आलेला फास शेजारच्या टाक्यांत थोडा थोडा वाटून देतोय. (कापायचा अजिबात नाही, कापला की हळूहळू पुढचे टाकेही सुटतात.) बागात टाके इतके जवळ जवळ की एक ओढला गेला की अख्खा चौकोन आकसतो, आणि मोकळं कापड नसल्यामुळे ते लपतही नाही.

फुलकारीत अडकत नाही असं नाही, तीही तशाच टाक्याची. पण मध्ये कापड मोकळं, त्यामुळे अडकायला जागाच कमी, अडकलं तरी एका फुलापुरतं, घरी येऊन दोन मिनिटांत होतं. आणि ही बायकोने आठवड्यातून दोनदा तरी वापरलीय, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. घेताना कुठलीही घ्या पण टाक्याची लांबी बघा, टाका जितका आखूड तितकं काम बारीक आणि तितकी ही भानगड कमी.

वजनाचंही आहेच. पंजाबच्या थंडीत बाग शालीसारखा छान लागत असेल, नांदेडच्या मे महिन्यात तो खांद्यावर घेऊन कुणी अर्धा तास उभं राहून दाखवावं. आमच्या बागाचं कापड जाड खद्दर, फुलकारीचं त्यामानाने पातळ, हा फरक दुसऱ्या कुणाच्या बाबतीत कमी-जास्त असू शकतो.

फुलकारीची तक्रार एकच, पहिल्या धुण्यात रंग गेला आणि माझा पांढरा सदरा गुलाबी झाला. एकटी धुवायची, थंड पाण्यात, न पिळता. हे दुकानात सांगितलं होतं, मीच विसरलो.

तसं बघितलं तर पंजाबातही बाग रोज डोक्यावर घेऊन फिरायची गोष्ट नव्हतीच. घरातल्या बायका महिनोन्‌महिने बसून भरायच्या तो लग्नाकार्यासाठी. चोप नावाचा प्रकार तर नवरीला आजोळकडून येतो, त्याचं काम दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. त्यामुळे घरात कुणाचं लग्न असेल, किंवा भिंतीवर लावायचा असेल, तर बाग घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. आम्हीही फुलकारीच्या तिप्पट पैसे मोजलेच की, आणि कपाटातून काढून बघताना वाईटही वाटत नाही.

पण मेहुणी रोज स्कूटीवर शाळेत शिकवायला जाते, खांद्याला बॅग, हातात घड्याळ. तिने आपली फुलकारी घ्यावी. लग्नापुरता बाग आमचा न्यावा, सुई सोबत देईन.