गोल्फ ८ मधलं कारटूएक्स: पैसे वसूल करणारी सोय

फोक्सवॅगन गोल्फचं आठवं मॉडेल घेतलं ते आकार आणि मायलेज बघून. आज कोणी विचारलं, तर मी आधी कारटूएक्सचं, म्हणजे गाड्यांनी एकमेकींना रेडिओवरून थेट धोक्याचा इशारा देण्याच्या सोयीचं नाव घेईन.

जर्मनीत उल्महून स्टुटगार्टला ए-८ महामार्गाने जाताना ड्राकेनस्टाइनर हांगचा उतार लागतो. वळणं, ब्रेक दाबत उतरणारे ट्रक, आणि गाडी बंद पडली तर कडेला घ्यायला जागाच नाही. नोव्हेंबरातल्या दाट धुक्यात तिथेच स्टिअरिंगमागच्या पडद्यावर इशारा आला: पुढे गाडी बंद पडलीय. खाली अंतर, मीटरमध्ये, भराभर कमी होत जाणारं. मी वेग उतरवला. वळण संपल्यावर कुठे त्या गाडीचे पिवळे दिवे दिसले. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती.

हे मोबाइल नेटवर्कवर चालत नाही. ५.९ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओलहरींवर गाडी थेट गाडीशी बोलते, साधारण ८०० मीटरपर्यंत, त्यामुळे डोंगरात रेंज गेली तरी अडत नाही. कोणी करकचून ब्रेक मारला, रांगेचं शेपूट आलं, की निरोप लगेच मागच्यांना. रस्तेकामाच्या ट्रेलरवरही आता हे ट्रान्समीटर बसताहेत. 'म्हणजे आपण कुठे जातो ते सगळ्यांना कळणार?' असं सासूबाईंनी विचारलं होतं. नाही. निरोपात नाव-नंबर नसतो आणि गाडीची सांकेतिक ओळखही बदलत राहते. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२० मध्ये या सोयीची खास दखल घेतली, ती योग्यच.

गूगल मॅप्स मी तरीही लावतेच. रस्त्यावरच्या गाड्यांमधले फोन किती वेगाने पुढे सरकताहेत ते, त्या रस्त्याचा जुना इतिहास आणि मशीन लर्निंग यांवरून पोचायची वेळ ते छान सांगतं. पण पुढच्या वळणाआड आत्ता या क्षणाला काय उभं आहे, हे तिथे उशिरा उमटतं. दोन्हींची कामं वेगळी आहेत.

उणीव एकच, पण मोठी. समोरच्या गाडीतही हेच तंत्र हवं. बऱ्याच कंपन्या असे इशारे मोबाइल नेटवर्कवरून पाठवतात आणि ते या रेडिओला ऐकू येत नाहीत. सगळ्यांनी एक भाषा ठरवायलाच हवी, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. तोवर पडदा गप्प आहे म्हणून रस्ता मोकळा आहे असं धरू नका.

सेकंड हँड गोल्फ बघत असाल तर सातव्या मॉडेलमध्ये हे नाही. आठवं घेतानाही विक्रेत्याला मेनूतून कारटूएक्स उघडून दाखवायला लावा, मगच सही करा.