खांद्यातली गाठ: सुई घ्यावी की अंगठा?

दांडीवर ओली चादर टाकायला हात वर केला की मानेच्या बुडाशी कळ येते. चाचपून पाहिलं तर सुतळीसारखी ताठ स्नायूची पट्टी आणि तिच्यात वाटाण्याएवढी गाठ लागते. फिजिओ तिला ट्रिगर पॉइंट म्हणतात. ती सोडवायला हल्ली दोन पर्याय समोर येतात: अंगठ्याचा दाब, नाहीतर ड्राय नीडलिंग. माझ्या खांद्याने दोन्ही सोसलंय.

ड्राय म्हणजे कोरडं, सुईत औषध नाही. सुई ॲक्युपंक्चरचीच, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, पण टोचायचे नकाशे वेगळे. अमेरिकेत डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल अशा गाठींत भूल देणारं औषध टोचत. १९७९ मध्ये चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी मांडलं की आराम पडतो त्यात औषधापेक्षा टोचण्याचाच वाटा मोठा असतो. सुई नेमकी गाठीत शिरली की स्नायू स्वतःहून टुणकन उडतो. पहिल्यांदा मी दचकलो होतो. दुखण्यापेक्षा ते विचित्र जास्त वाटतं.

गाठीच्या जागी, स्नायू निवांत असतानाही, बारीक विद्युत हालचाल चालू असते. सशांवरच्या प्रयोगांत सुईनंतर ती कमी झालेली दिसली. पण हात वर जायला नुसती गाठ सैल होऊन भागत नाही, स्नायूंनी आपापल्या पाळीने कामाला लागावं लागतं. ऑस्ट्रेलियात कॅरेन लुकास आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नेमकं हेच तपासलं. गाठी होत्या पण दुखत नव्हत्या, अशा लोकांतही हात उचलताना खांद्याच्या स्नायूंची पाळी चुकलेली होती. उपचारानंतर ती बरीचशी जागेवर आली. मात्र अभ्यास छोटा होता, आणि सुईबरोबर स्नायूला ताणही दिला होता. सुईच्या जाहिरातीत ताणाचा उल्लेख सहसा गळतो.

म्हणून सुईने ताकद येते असं कोणी म्हटलं तर मी कान टवकारतो. दुखणं उतरतं, मान चार बोटं जास्त वळते, दुखण्याने दबलेला स्नायू पुन्हा साथ देऊ लागतो, इतकं खरं. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांच्या एका आढाव्यात काहीच न करण्यापेक्षा किंवा खोट्या (टोचल्याचा नुसता भास देणाऱ्या) सुईपेक्षा खरी सुई सरस ठरली, तीही सुमारे १२ आठवड्यांपर्यंतच्या मोजणीत. रोजच्या कामकाजात मात्र फिजिओच्या इतर उपचारांपुढे तिची आघाडी नव्हती.

अंगठ्याचं तंत्र साधं आहे. सोसेल इतका दाब अर्धा ते दीड मिनिट धरायचा, दुखणं ओसरलं की स्नायू ताणायचा. मान-पाठीच्या गाठींवर दोन्ही उपचार समोरासमोर ठेवले तर निकाल जवळपास सारखाच येतो. शिवाय भिंत आणि टेनिसचा चेंडू एवढ्यावर हे घरीही जमतं. सुई घरी? अजिबात नाही.

मग सुई कुठे घ्यावी? जिथे अंगठा पोचत नाही तिथे. कुल्ल्याच्या खोल स्नायूपर्यंत जायचं तर अंगठ्याला चरबी आणि वरचा जाडजूड स्नायू पार करावा लागतो. तिथे मी सुईच्या बाजूने.

खांद्यावर मात्र हिशेब फिरतो. मान-खांद्यावर पसरलेल्या ट्रॅपिझियस स्नायूच्या खाली फुप्फुसाचं टोक आहे. सुई चुकली तर छातीत हवा शिरू शकते. हे क्वचितच होतं, पण नंतर काही तासांनीही दम लागला किंवा छातीत दुखलं तर उद्यावर न ढकलता रुग्णालय गाठायचं. जाणता फिजिओ स्नायू चिमटीत उचलून मगच टोचतो. रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर सुजणारा हात, यांतलं काही असेल तर ते आधीच सांगावं. नुसती सुईची भीती असली तरी सांगावं, अंगठा आहेच.

एक परीक्षा आधी करा. हात ढिला सोडा आणि दुसऱ्याला उचलायला सांगा. त्याच्याही हाती तो तिथेच अडला तर दोष बहुधा गाठीचा नाही. फ्रोझन शोल्डर, म्हणजे सांधाच आखडलेला खांदा, असू शकतो, मधुमेहींत तो जास्त आढळतो. हाताला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर आधी डॉक्टर. कळीबरोबर घाम आणि छातीत दडपण असेल तर फिजिओचा विषयच नाही, थेट रुग्णालय.

माझा क्रम असा: खांद्याला दोन-तीन आठवडे अंगठा आणि व्यायाम. दुखण्यामुळे व्यायामच जमेना, तर सुई. आणि सुईनंतर त्याच दिवशी हात वर नेण्याचा व्यायाम शिकवणार का, हे आधी विचारायचं. 'पुढच्या आठवड्यात परत या' एवढंच उत्तर आलं तर मी दुसरा दवाखाना शोधतो. सुई ठरलीच तर सामना किंवा लांबची ड्रायव्हिंग त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ठेवू नका. टोचलेली जागा एक-दोन दिवस, पहिल्यांदा जिमला जाऊन आल्यासारखी, ठणकत राहते.