परिचारिकांसाठीचा ओईटी ऑनलाइन कोर्स: अनेक महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः पत्रतपासणीविषयी

ओईटी ही आरोग्य-व्यावसायिकांसाठीची इंग्रजीची परीक्षा. तिच्या तयारीच्या या कोर्समधील माझ्या खात्यात शिल्लक असलेल्या चार पत्रतपासण्या (सरावाची पत्रे शिक्षकांकडून तपासून घेण्याच्या संधी) गेल्या आठवड्यात कोणतीही पूर्वसूचना न देता रद्द झाल्या, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. वर्गणी वर्षभराची होती, पण तपासण्यांची मुदत सहाच महिन्यांची होती आणि ही अट पैसे भरण्याच्या पानावर नव्हे, तर नियमावलीत अगदी खाली दिलेली होती. नागपुरातील खासगी रुग्णालयात स्टाफ नर्सच्या पगारातून १८,००० रुपये बाजूला काढायला किती दिवस लागतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना माझा संताप समजेल.

परीक्षेचे स्वरूप वाचकांना माहीत असेलच. ऐकणे आणि वाचणे हे भाग बाराही आरोग्य-व्यवसायांना सारखे असतात. लेखन आणि संभाषण मात्र ज्याच्या त्याच्या व्यवसायाचे असते. युनायटेड किंगडमच्या नर्सिंग कौन्सिलला परिचारिकेच्या नोंदणीसाठी लेखनात ३०० आणि उरलेल्या तीन भागांत प्रत्येकी ३५० गुण लागतात. अट सौम्य असूनही आमच्यापैकी अनेकींचे घोडे लेखनातच पेंड खाते. याचे कारण मला वॉर्डात दिसते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या आम्ही रुग्णाशी मराठीत किंवा हिंदीत बोलतो आणि केसपेपरवर इंग्रजीत लिहितो, पण ते इंग्रजी तुटक नोंदींचे असते. परीक्षेत त्याच तुटक नोंदी हातात देऊन, वाचनाची पाच मिनिटे धरून ४५ मिनिटांत, रुग्णालयाबाहेरच्या व्यक्तीला सुमारे १८० ते २०० शब्दांचे सलग पत्र लिहायला सांगतात. काय लिहायचे याइतकेच काय गाळायचे, हेही तिथे तपासले जाते.

सुरुवातीच्या तपासण्यांत हेच उत्तम शिकवले गेले. एका सरावात खुब्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया झालेल्या वृद्ध बाईंना घरी सोडताना, त्यांच्या घरी जाणाऱ्या परिचारिकेला पत्र लिहायचे होते. नोंदींत पंधरा वर्षांपूर्वीचे अपेंडिक्सचे ऑपरेशन होते. त्या एकट्या राहतात, घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हेही होते. मी अपेंडिक्स दुसऱ्या परिच्छेदात घेतले होते आणि जिना शेवटच्या ओळीत. शिक्षिकेने अपेंडिक्सचे वाक्य सरळ खोडले आणि जिन्याशेजारी लिहिले, ‘पत्र वाचणारीला उद्या सकाळी हेच आधी लागणार आहे, मग ते शेवटी का?’ व्याकरणाच्या दहा चुका दाखवल्या असत्या तरी मला इतका उपयोग झाला नसता.

दुर्दैवाने नंतरच्या तपासण्यांत ही शिक्षिका दिसली नाही. ‘चांगला प्रयत्न, संक्षिप्तता वाढवा’ हा शेरा मला दोन वेगवेगळ्या पत्रांवर अक्षरशः जसाच्या तसा मिळाला. व्यवसायाची भाषा स्वतःच्या मजकुरावर कोणीतरी विचारपूर्वक हात फिरवल्यानेच सुधारते. वर्गणीतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच असताना तिच्यातच काटकसर केलेली मला अजिबात पटत नाही.

पहिल्या महिन्यात मी मैत्रिणींना या कोर्समधील शब्दसूचींची शिफारस केली होती. आज करणार नाही. आजारांची आणि अवयवांची इंग्रजी नावे आम्हाला नर्सिंगच्या अभ्यासक्रमापासून येतात. अडते ते त्यांना जोडणाऱ्या वाक्यांत, आणि वाचनाच्या शेवटच्या भागातील दोन दीर्घ लेखांत तर लेखकाचा कल ओळखण्यात. दुसरी भाषा शिकण्याचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्यातील सफाई आणि शैक्षणिक भाषेवरील प्रभुत्व या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या. कॅनडातील स्थलांतरित मुलांना दुसऱ्या गोष्टीसाठी पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांना आढळले. आम्ही मुले नाही आणि परदेशातही नाही, पण ‘तीन महिन्यांत हमखास यश’ ही जाहिरात वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

याउलट संभाषणाच्या सरावातील रोल-प्लेने, म्हणजे कार्डावर दिलेल्या प्रसंगात परिचारिका म्हणून रुग्णाशी बोलण्याने, मला अनपेक्षित आनंद दिला. इन्सुलिन घ्यायला तयार नसलेल्या रुग्णाचे कार्ड होते. ड्यूटीवर घाई असते. ‘आजी, काही होत नाही’ म्हणून आपण सुई टोचून मोकळ्या होतो. इथे शिक्षकाने मला थांबवले आणि आधी रुग्णाला कशाची भीती वाटते ते विचारायला लावले. रुग्णाचा दृष्टिकोन समजून घेण्याला परीक्षेत स्वतंत्र गुण आहेत, म्हणून हा सराव होता. पण त्यानंतर मी वॉर्डात मराठीतही तसेच विचारू लागले आणि नकार देणारे रुग्ण बोलते होऊ लागले.

ग्राहक सेवेशी बराच पत्रव्यवहार झाल्यावर चारपैकी दोन तपासण्या परत मिळाल्या, पैसे मिळाले नाहीत. मी वर्गणी पुढे चालू ठेवणार नाही. ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी फक्त रोल-प्लेचा छोटा पॅक घ्यावा, पत्रांसाठी प्रत्यक्ष शेरे लिहिणारा शिक्षक वेगळा शोधावा आणि पूर्ण वर्गणी घेतलीच असेल, तर तपासण्या पहिल्या सहा महिन्यांतच वापरून टाकाव्यात.