दवाखान्याचा हिशोब अ‍ॅरे फॉर्म्युल्यांवर: सात महिन्यांनंतर

आमच्या दवाखान्याचा हिशोब मी एक्सेलमध्ये अ‍ॅरे फॉर्म्युल्यांनी करते, म्हणजे एकच फॉर्म्युला अख्ख्या रकान्यावर एकदम काम करतो. एकदा एक डॉक्टर आठवडाभर रजेवर, आणि अहवालात त्यांच्या नावासमोर रुग्ण: 1. तो एक रुग्ण शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली. अपॉइंटमेंटची वही चाळली, पावत्या तपासल्या, रिसेप्शनवर विचारलं. कुणी आलंच नव्हतं.

चूक माझ्या फॉर्म्युल्यात होती. आठवड्याला किती वेगवेगळे रुग्ण आले हे काढायला मी फिल्टरने त्या डॉक्टरांच्या ओळी वेगळ्या करायचे, युनिकने एकाच रुग्णाच्या दोन-तीन भेटींची एक नोंद करायचे आणि बाहेरून काउंटए, म्हणजे भरलेल्या चौकटी मोजणारं फंक्शन, लावायचे. एकही ओळ जुळली नाही की फिल्टर एरर देतो, आणि काउंटए ती एररसुद्धा मोजतो. झाला शून्याचा एक! फिल्टरच्या तिसऱ्या जागी (काहीच जुळलं नाही तर काय दाखवायचं ते तिथे लिहितात) रिकामी अवतरणचिन्हं टाकून पाहिली, तरी एकच. रकान्यात एरर दिसली असती तर मी पहिल्याच दिवशी पकडली असती. हा 1 मात्र खऱ्या आकड्यासारखा दिसत होता, आणि याचाच मला अजून राग येतो. आमच्याकडे काही तपासण्या अशा आहेत की एखाद्या आठवड्यात कुणीच येत नाही. तिथेही हाच 1 बसला असणार.

आता काउंटए काढून ओळींची संख्या देणारं फंक्शन घातलंय आणि सगळ्याला बाहेरून इफएरर, एरर आली तर 0.

त्या दिवशी ठरवलं होतं की हे सगळं बंद, पिव्हट टेबल (एक्सेलचा आपोआप बनणारा सारांश-तक्ता) बरं. पण रुग्णांना किती थांबावं लागतं हा प्रश्न आला आणि मत बदललं. समजा पाच जण 10, 12, 15, 18 आणि 95 मिनिटं थांबले. सरासरी येते 30, पण त्यातला एकही जण 30 मिनिटांच्या आसपास थांबलेला नाही. मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, येतो 15. साध्या पिव्हटमध्ये मध्यक नाही, आणि अटींनुसार सरासरी काढणाऱ्या अ‍ॅव्हरेजइफ्ससारखं मीडियनइफ्सही नाही. मध्यक काढणाऱ्या मीडियनच्या पोटात अट तपासणारा इफ घालावा लागतो, म्हणजे अ‍ॅरेच. डॉक्टरनिहाय, वारनिहाय मध्यक एका नजरेत दिसला तेव्हा मला खरंच आनंद झाला. सोमवार सकाळची गर्दी आम्हाला माहीत होती, पण बुधवार संध्याकाळ तितकीच वाईट आहे हे कुणाच्या लक्षातच नव्हतं.

इथेही एक खाच आहे. रुग्ण कंटाळून निघून गेला की आत गेल्याची वेळ कोरी राहते. कोरं म्हणजे शून्य, त्यातून आल्याची वेळ वजा केली की उत्तर उणे, आणि मध्यक खाली येतो. म्हणून वेळ भरलेली असण्याची अट वेगळी घाला. अटी जोडायला अँड वापरू नका, तो सगळ्या ओळींचं मिळून एकच उत्तर देतो. अटी कंसात घालून गुणाकार करा.

नवी आवृत्ती घ्यायची माझी तयारी नव्हती, पण फिल्टर आणि युनिक एक्सेल 2019 मध्ये नाहीत, 2021 मध्ये आहेत. त्यामुळे माझ्या कॉम्प्युटरपुरती घेतली. रिसेप्शनवर जुनीच आहे. तिथे मध्यकाचा फॉर्म्युला कंट्रोल-शिफ्ट-एंटरने भरलाय, त्याने फॉर्म्युल्याभोवती महिरपी कंस येतात आणि तो अ‍ॅरे म्हणून चालतो. कुणी त्यात हात घालून नुसतं एंटर दाबलं की महिरपी कंस जातात आणि उत्तर बिघडतं, म्हणून तो रकाना लॉक केलाय.

जुने आठवडे पुन्हा मोजायला घेतलेत. पाच महिने झाले, दोन राहिलेत.