लोकल कुठे गाठेल: क्ष मानायचा की गुणोत्तर लावायचं?

वेग, अंतर, वेळेचं शाब्दिक उदाहरण आलं की दहावीची मुलं मला हमखास विचारतात, 'बाई, क्ष मानू की गुणोत्तराने करू?' एकच गणित दोन्ही रीतींनी करून पाहा.

सीएसएमटीहून ठाण्याकडे स्लो लोकल निघाली, सरासरी वेग ताशी ३० किमी. १२ मिनिटांनी शेजारच्या रुळावरून फास्ट सुटली, ताशी ४५. फास्ट तिला कुठे गाठेल?

क्ष मानायचा तर आधी वेग, वेळ, अंतर असा तक्ता आखा. स्लोचा वेळ क्ष तास, फास्टचा क्ष − १/५, कारण १२ मिनिटं म्हणजे तासाचा पाचवा भाग. गाठेपर्यंत दोघी सारखंच अंतर कापतात, म्हणून ३०क्ष = ४५(क्ष − १/५). क्ष येतो ३/५ तास, म्हणजे ३६ मिनिटं. अंतर १८ किमी: कुर्ला मागे गेलंय, घाटकोपर यायचंय.

गुणोत्तराने? वेग २:३, अंतर सारखं, म्हणून वेळ ३:२. फरक एका भागाचा, आणि तोच १२ मिनिटांचा. तीन भाग ३६. मिनिटांचे तास करावेच लागले नाहीत. समीकरणात सरळ १२ लिहून मुलं गुण घालवतात, ती चूक इथे होतच नाही.

तरी बोर्डाच्या मुलांना मी तक्ता आणि क्षच आधी शिकवते. तिथे पायऱ्यांना गुण असतात. आकडेमोड चुकली तरी बरोबर मांडलेलं समीकरण वाया जात नाही. शिवाय काही गणितांत गुणोत्तरच ठाऊक नसतं. चर्चगेट ते विरार ६० किमी धरा. वेग ताशी १० किमीने वाढवला तर अर्धा तास वाचतो. मूळ वेग किती? ६०/क्ष − ६०/(क्ष + १०) = १/२ मांडलं की क्ष² + १०क्ष − १२०० = ० हे वर्गसमीकरण मिळतं. उत्तरं ३० आणि −४०. वेग ऋण नसतो, म्हणून ३०.

रेल्वे भरती किंवा एमपीएससीची तयारी असेल तर मात्र गुणोत्तराचा हात बसवाच. पर्याय समोर असतात, घड्याळ धावत असतं. जाताना ताशी ३०, त्याच रस्त्याने येताना ६०, तर सरासरी ४५ हा पर्याय हमखास दिलेला असतो. वेळ २:१ आहे हे दिसलं की कळतं, ३० चा वेग दोन भाग टिकला, ६० चा एकच. सरासरी ४०.